उखळी तोफ, हॉवित्झर की 'नौदलाची आखूड तोफ'?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत क्रुप कारखान्याने घडवलेल्या, ४२ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाच्या तोफांना कुठे मॉर्टर (उखळी तोफ), कुठे हॉवित्झर (गोळा उंच कमानीत फेकणारी, तुलनेने आखूड नळीची तोफ), तर कुठे 'नौदलाची आखूड तोफ' म्हटलेले आढळते. मराठीत काय लिहावे?

माझ्या मते 'अवजड उखळी तोफ'. जर्मन सैन्य मोठ्या तोंडाच्या आणि गोळा उंच फेकणाऱ्या तोफेला 'म्योर्झर' म्हणत असे आणि त्या शब्दाचा घरगुती अर्थही खल, उखळ असाच आहे. रचना पाहिली तर या तोफा हॉवित्झरच्या वर्गात बसतात, त्यामुळे तांत्रिक लेखात हॉवित्झर लिहिले तरी चूक नाही. नुसते 'उखळी तोफ' मात्र लिहू नये. आजच्या बातम्यांत त्याचा अर्थ पायदळाची छोटी, नळकांड्यासारखी तोफ असा होतो, आणि इथे तर या ४२ सेंटिमीटरच्या तोफांपैकी आधीच्या, 'गॅमा' नावाच्या तोफेचे वजन सुमारे १५० टन होते! तिचे सुटे भाग रेल्वेने न्यायचे आणि जागेवर जोडायचे. ही अडचण टाळण्यासाठीच पुढे चाकांची, सुमारे ४२ टनांची 'एम' तोफ आली.

उंच माराच कशाला हवा होता? बेल्जियममधल्या लिएजचे किल्ले ब्रियालमाँ या अभियंत्याने १८८८ ते १८९१ दरम्यान काँक्रीटचे बांधले होते, पण ते २१ सेंटिमीटरचे गोळे सोसतील एवढ्याच हिशेबाने. सरळ मारा करून जमिनीत दबलेल्या अशा किल्ल्याचे छत फुटत नाही. गोळा वरून कोसळावा लागतो. १५ ऑगस्ट १९१४ रोजी लिएजच्याच लाँसँ किल्ल्याचे दारूकोठार उडाले ते अशाच गोळ्याने, आणि शेकडो सैनिक गाडले गेले.

'नौदलाची आखूड तोफ' हे तर गुप्ततेसाठी घेतलेले नाव. त्याआधीच्या ३०.५ सेंटिमीटरच्या तोफेलाही असेच 'किनारी' म्हटले होते, प्रत्यक्षात रोख किल्ल्यांवर होता. ही नावे अवतरणचिन्हांतच द्यावीत, नाहीतर वाचक तोफ जहाजावर शोधत बसेल. 'आखूड' मात्र खरे आहे: 'एम' तोफेची नळी तोंडाच्या व्यासाच्या बारापट, म्हणजे जेमतेम ५ मीटर.

'बिग बर्था' हे टोपणनाव या 'एम' तोफेपुरतेच वापरावे. १९१८ साली पॅरिसवर मारा करणाऱ्या लांब नळीच्या तोफेलाही ते सर्रास चिकटवतात, ते चूक आहे.