वचनाचं कार्ड मिळून तीन वर्षं झाली, मूल नाही. विश्वास कसा टिकवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठीचं वचनाचं कार्ड उचललं, त्यावर बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं (देवाच्या मनात तुमच्याविषयी 'हिताचे संकल्प' आहेत, असं सांगणारं), त्याच आठवड्यात प्रार्थना करणाऱ्या एका बंधूंनी 'याच वर्षी तुमच्या घरी पाळणा हलेल' असं सांगितलं, आणि आता प्रार्थनेला बसलं की राग येतो. यात दोन गोष्टींची गाठ बसली आहे. ती आधी सोडवू.

एक वही घ्या. डाव्या पानावर वचन लिहा, पण एकटं ११ वं नको, २९:४ ते १४ सगळं. उजव्या पानावर लोकांनी काय सांगितलं ते, कुणी आणि कधी सांगितलं यासकट. लिहिताना दिसेल की कार्डावर न छापलेल्या १० व्या वचनात ७० वर्षांची मुदत आहे. हा भाग म्हणजे यिर्मयाचं पत्र, यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं. त्यातले चाळिशीचे लोक परतीची वाट चालणारच नव्हते, तरी 'हिताचे संकल्प' त्यांनाही उद्देशून होते. आता मागचा २८ वा अध्याय वाचा. हनन्या संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, बाबेलात नेलेली माणसं आणि मंदिरातली पात्रं दोन वर्षांत परत येतील. यिर्मया आधी 'आमेन' म्हणतो, कारण हवं त्यालाही तेच होतं. पण मुदत हनन्याची होती, देवाची नव्हती. तुमचं जे मोडलं ते 'याच वर्षी' हे शब्द, आणि ते उजव्या पानावरचे आहेत.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. २९:११ हे मूल होण्याचं अभिवचन नाही. इसहाक या मुलाचं अभिवचन अब्राहाम आणि सारेला नावानिशी होतं. मूल नसलेल्या हन्नाने मागितलं, तिला शमुवेल हा मुलगा मिळाला. त्यातून आपल्याला मागायची मुभा मिळते, हमी मिळत नाही. हे ऐकून आधी पायाखालची जमीन सरकते खरी. पण न दिलेल्या अभिवचनाचा हिशेब देवाकडे मागत बसलं तर माणूस आतून झिजत जातो.

वाट पाहताना चूक बहुतेक वेळा कुठे होते ते अब्राहामाच्या वयांत दिसतं. देवाने दाखवलेल्या कनान देशाकडे निघाला ७५ व्या वर्षी. कनानात १० वर्षं गेल्यावर सारेने मूल व्हावं म्हणून आपली दासी हागार हिला पुढे केलं, ८६ व्या वर्षी इश्माएल झाला, इसहाक १०० व्या वर्षी. मुलगा अब्राहामाच्या पोटचा असेल एवढंच देवाने तोवर सांगितलं होतं, आई कोण ते नाही. ती रिकामी जागा त्यांनी स्वतः भरली आणि भोगलं हागारेने. आज हीच जागा 'विश्वासाचं बी पेरा' म्हणत पैसे मागणारे भरतात, नाहीतर 'औषध म्हणजे अविश्वास' म्हणणारे. दोघांनाही नाही म्हणा. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की डॉक्टरकडे जायचं असतं, आणि तपासणी दोघांची. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका.

वाट पाहणं म्हणजे करायचं काय, तर यिर्मयाचा ३२ वा अध्याय. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तो चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घेतो. १७ शेकेल चांदी, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, ताजव्यात तोलून देतो. खरेदीखतं दोन, एक मोहरबंद, एक उघडं. ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून यिर्मयाचा लेखनिक बारूख ती मातीच्या भांड्यात ठेवतो. हे सगळं उरकल्यावर यिर्मया देवाला विचारतो, शहर तर शत्रूच्या हाती जातंय, मग मला शेत घ्यायला का सांगितलंस? आधी कागद पक्का केला, शंका नंतर काढली, आणि देवाने त्यावर उत्तर दिलं. तुमचं 'शेत' म्हणजे मूल होईपर्यंत अडवून ठेवलेलं काहीतरी असेल: घराची दुरुस्ती, राहिलेलं शिक्षण, एखादं काम. त्यातलं एक या महिन्यात हातात घ्या.

प्रार्थनेसाठी बायबलातलं स्तोत्र १३ पुरे. सहाच वचनं. पहिल्या दोनांत चार वेळा 'कोठवर' आहे, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. मोठ्याने वाचा. पहिल्या दोनांपुढे जाववत नसेल त्या दिवशी तिथेच थांबा, शेवटची दोन ओढूनताणून म्हणू नका. राग तिथे आधीच लिहून ठेवलाय, तुम्ही वेगळा आणायला नको.

आणि प्रार्थनेचा विषय मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून घ्या. नाहीतर दर रविवारी दारातच 'काही बातमी?' विचारतात. दोन विश्वासू बहिणींना सांगितलेलं बास आहे. बाकीच्यांना 'अजून नाही' म्हणा आणि चहाकडे वळा.