दहावीनंतरच्या सुट्टीत एवढं कर

प्रिय,

तू विचारलंस लातूरला कुठला क्लास लावू, त्याचं सांगतेच पण आधी दुसरं. झेडपीच्या हायस्कूलमधली हुशार पोरं क्लास नाही म्हणून कमी आणि विचारायला लाजतात म्हणून जास्त मागे पडतात, हे मी लई जवळून बघितलंय. शाळेत तू दोन दिवस दिसली नाहीस की सर आईला फोन करायचे, फॉर्म राहिला तर घरी यायचे. अकरावीला वर्गात शंभरेक पोरं असतील, ग्रुपवर नोटीसचा फोटो पडेल, वाचलीस तर वाचलीस. म्हणून पहिल्या आठवड्यातच ऑफिसातल्या क्लार्कपासून फिजिक्सच्या सरांपर्यंत सगळ्यांना जाऊन भेट, नाव सांग, अडलेलं विचार. मराठीत विचार, काही बिघडत नाही.

आता इंग्रजी. तुला याचीच भीती आहे ना, आणि ती खरी आहे, कारण सर भराभर इंग्रजीत बोलत सुटतात आणि आपल्याला येत असलेलंच कळेनासं होतं. त्यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. बालभारतीच्या साइटवर दहावीच्या विज्ञानाची दोन्ही पुस्तकं इंग्रजी माध्यमाची पीडीएफ मिळतात, ती घे आणि तुझं मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेव. धडे तेच, आकृत्या त्याच, स्वाध्यायसुद्धा तेच. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, तो तुला पाठ आहे, मग इंग्रजी वाक्य अडलं तरी काय म्हणतंय ते तुला आधीच माहीत असतं. रोज दोन पानं, मोठ्याने वाचायची, गणिताचंही असंच कर. कॉलेज सुरू होईपर्यंत निम्मी भीती जाईल बघ.

आणि अकरावी म्हणजे आराम असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस, इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी जी प्रवेश परीक्षा असते त्या एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि बारावीचं फिजिक्स अकरावीचं कच्चं असेल तर डोक्यातच शिरत नाही. क्लास लावायचाच तर लाव, पण कॉलेजला न जाता नुसता क्लास असं नको, प्रॅक्टिकल हाताने केलेलं वेगळंच असतं गं.

कागदांचं मात्र आत्ताच, याच सुट्टीत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, आणि बँक खातं आधारला लिंक, कारण महाडीबीटीची, म्हणजे सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी स्कॉलरशिप त्याच खात्यात येते. जात पडताळणीचा अर्ज सायन्सवाल्यांना कॉलेजमार्फत करता येतो, तो शेवटापर्यंत ठेवू नकोस, जुने पुरावे शोधायलाच महिने जातात, आजोबांच्या शाळेचा दाखला आत्ताच शोधायला सांग बाबांना. बाबांना हेही सांग की २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. पोरीच्या शिक्षणाला पैसे कुठून आणू असं ते म्हणतात ना, त्यांना हे माहीतच नसेल.

हॉस्टेलसाठी समाजकल्याणच्या ऑफिसात आईला घेऊन एकदा जाऊन ये. दाखल्याचं काय झालं ते रविवारी कळव, अडलं तर तलाठ्याकडे मी येते सोबत.

तुझी ताई