मुदत बिलाच्या तारखेपासून मोजा

साताऱ्याच्या एका वाचकांनी पुण्याच्या विक्रेत्याकडून पोलंडचं २० झ्लॉटींचं १९७४ सालचं नाणं १८,००० रुपयांना घेतलं. बिलावर 'कॉमेकॉनच्या पंचविशीचं, चांदीचं, दुर्मिळ' असं लिहिलंय (कॉमेकॉन म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांची आर्थिक संघटना). सराफाने चांदी नाही म्हणून सांगितलं, विक्रेता व्हॉट्सअॅपवर 'पुढच्या आठवड्यात पैसे देतो' म्हणत राहिला आणि बिलाला पावणेदोन वर्षं झाली. अशी पत्रं सतत येतात. फक्त नाणं बदलतं.

फसवणूक झालीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. चलनात आलेलं हे नाणं तांबं-निकेलचं आहे, दुर्मिळही नाही. कोणत्याही कॅटलॉगमध्ये ते पैसे मोजण्याआधीच दिसलं असतं. 'पोलंडची बँक बदलून देईल' ही विक्रेत्याची थापही सोडा. जुने झ्लॉटी बदलून घेण्याची मुदत २०१०च्या अखेरीस संपली.

तुमचीही मुदत संपत आलीय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. सराफाने सांगितलं त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. आयोग तो मानेलच असं नाही. व्हॉट्सअॅपवरच्या वायद्यांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण 'तो देतो म्हणत होता' हे कारण फार लंगडं आहे. इतके महिने थांबलात कशासाठी?

विक्रेत्याला नोटीस पाठवली असेल, तरी आता तिच्या उत्तराची वाट पाहू नका. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. एवढ्या रकमेला शुल्क नाही. नाणं गुंतवणूक म्हणून घेतलंत, यावर विक्रेता 'हे ग्राहकच नाहीत' असं म्हणू शकतो. एका नाण्यापुरता तो मुद्दा टिकू नये, पण खात्री देत नाही.

नाण्याला पुन्हा कस लावू देऊ नका, घासूनपुसून चकचकीतही करू नका. आयोग ते प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वर्षं जातात आणि तोवर बिलावरची शाई उडते. त्याची छायाप्रत आजच काढा.