‘२०५० चा मराठवाडा’ लिहिणाऱ्या मुलीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला, सावकाश वाचला. मेहनत दिसते. शेंद्रा-बिडकीनचे कारखाने, औंढ्याजवळची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, ड्रोननं फवारणी, मोबाइलशी मराठीत बोलून पिकावरचा रोग ओळखणारा शेतकरी, सगळं आलंय. पण एवढ्या पानांत कुणाचं लग्न होत नाही, जमिनीची वाटणी होत नाही, कुणी म्हातारं होत नाही. यंत्रं पंचवीस वर्षं पुढं गेली आणि माणसं आहेत तिथंच राहिली. म्हणून जरा लांबलचक लिहितो आहे.

यंत्र काय करू शकतं, याचा तू नीट विचार केला आहेस. त्याला आणखी एक प्रश्न जोड: ते यायला किती जणांची संमती लागते?

१९९५ साल घे. ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल लागला, कलकत्त्याहून दिल्लीला. त्याच वर्षी नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली. तेव्हा बीडच्या बसस्टँडवर कुणालाही विचारलं असतं की आधी काय येणार, तर तो रेल्वेच म्हणाला असता. मोबाइल ही बड्या लोकांची चैन होती, आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. पुढं ऊसतोड मजुराच्या खिशात मोबाइल आला त्यालाही आता जमाना झाला. बीडला रेल्वे आली सप्टेंबर २०२५ मध्ये. रुळांसाठी गावोगावच्या खातेदारांची जमीन हवी होती, केंद्राचा आणि राज्याचा वाटा हवा होता, दर अर्थसंकल्पात तरतूद हवी होती. मोबाइलला एक माणूस आणि त्याच्या हातातले पैसे पुरत होते.

हाच हिशोब पाण्याला लाव. बोअर घेणं हा एकट्याचा निर्णय असतो. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फारसं धरत नाही. भेगा-फटींत जेवढं मुरेल तेवढंच. त्यामुळं एकानं खोल बोअर मारला की शेजारच्या चार विहिरी उघड्या पडतात. पाणी वाटून घ्यायचं तर मात्र अख्खं गाव बसावं लागतं. सौरपंप झपाट्यानं वाढतील हे तुझं म्हणणं पटलं. त्याच्या खालची ‘त्यामुळे दुष्काळ हटेल’ ही ओळ काढून टाक. बिल नाही, लोडशेडिंग नाही, म्हणजे उपसा वाढणार. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते काही पंप कमी होते म्हणून नव्हे.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगतो.

ग्लासगोत इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. धातूतल्या भेगा शोधायला कारखान्यांत जे ध्वनिलहरींचं उपकरण वापरत, ते त्यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहायला वापरलं, आणि १९५८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापला. तीच आपली सोनोग्राफी. तिनं किती बाया आणि लेकरं वाचवली याला मोजदाद नाही. तेव्हा कुणी या यंत्राचं भविष्य लिहायला बसलं असतं, तर त्यानं हेच लिहिलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं. पण हे यंत्र आपल्याकडं आलं तेव्हा इथं मुलाची ओढ आणि हुंड्याची धास्ती आधीपासून बसलेली होती. यंत्रानं त्यांना हत्यार दिलं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तरीही बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ मुली होत्या, आणि २०११ मध्ये ८०७. निसर्गाच्या हिशोबानं साधारण साडेनऊशे हव्यात.

या आकड्याकडं नीट बघ. २०११ मध्ये सहा वर्षांच्या आत असलेली ती मुलं २०३५ च्या आसपास लग्नाची असतील. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाहिलं तर दर पाच मुलांत साधारण एकाच्या वाट्याला मुलगी नाही. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आजही गावात तिशी ओलांडलेली, दोन-चार एकर असलेली, स्थळं बघून थकलेली पोरं तुला दिसतातच. पुढं काय होईल? मुली लांबून आणल्या जातील, त्यात दलाल घुसतील, फसवणुकी होतील. हुंडा उलटा फिरेल असं काहींना वाटतं. मला तितकी खात्री नाही, कारण नोकरीवाल्या मुलाचा भाव तसाच राहील आणि सगळा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरावर पडेल. मुलीचं वय लपवून घाईनं लग्न उरकण्याचा धोका वाढेल, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुझ्या मसुद्यात याबद्दल एक शब्द नाही, आणि तू तर याच जिल्ह्यातली आहेस.

म्हणून भविष्य शोधताना आधी ही यादी कर: कोणती गोष्ट घडून गेली आहे आणि तिचा परिणाम अजून पोचायचा आहे? जन्मलेली आणि न जन्मलेली माणसं या यादीत सर्वांत वर. राज्यात बाईमागे मुलांची सरासरी १.७ वर आली आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग रिकामे होणार आणि पोरं पुण्याला गेलेल्या घरांत म्हातारी दोघंच राहणार. त्यांचं कोण करणार, हा तुझ्या २०५० चा मोठा प्रश्न आहे, ड्रोनपेक्षा फार मोठा.

ऊसतोडीबद्दल तू ‘हार्वेस्टरमुळे (ऊस तोडणाऱ्या यंत्रामुळे) स्थलांतर थांबेल’ असं एका वाक्यात उरकलंस. ते इतकं सरळ नाही. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, लांब फड लागतो, बांध कमी लागतात. तीन फुटी सरीच्या वीस गुंठ्यांत ते वळणार कसं? म्हणजे वडवणी-धारूरच्या मजुराचं भवितव्य सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यानं सरी किती फुटांवर पाडली यावर ठरतं. आणि यंत्र आलंच तर पहिला परिणाम सगळ्यांना दिसतो, काम गेलं. दुसरा बघ. आज कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, आणि मुलींची लग्नं लवकर होण्याचं ते एक कारण आहे. जोडीची गरज संपली तर ते कारण ढिलं पडेल. पण अंगावर असलेली उचल यंत्र माफ करत नाही. ती फेडायला माणसं वीटभट्टीवर जातील की पुण्यात बांधकामावर, हे शोधलंस तर तुझ्या मसुद्याला वजन येईल.

एआयमुळं कुणाच्या नोकऱ्या जाणार, यावर तू बरीच पानं खर्ची घातलीस. एवढंच ध्यानात ठेव: ज्यांच्या कामावर आजचं एआय उभं आहे आणि ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅनचे फोटो वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. यंत्र खरंच पुष्कळ शिकलं, पण रेडिओलॉजिस्टची मागणी काही हटली नाही. फोटो वाचणं हा त्या डॉक्टरच्या कामाचा एक तुकडा होता. नोकरीचं नाव घेऊन भाकीत करू नकोस, तिचे तुकडे पाड.

काही गोष्टी सांगताच येत नाहीत. किल्लारी परिसर भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली. अशा ठिकाणी तारीख सांगायच्या भानगडीत पडू नये, घर कसं बांधायचं ते लिहावं.

आणि एक वही कर. प्रत्येक भाकितासमोर तारीख, ते घडण्याची शक्यता किती टक्के, आणि खरं-खोटं कशावरून ठरवायचं ते लिही. ‘भविष्यात मोठे बदल होतील’ असलं वाक्य वहीत चालणार नाही. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये गुण द्यायची सोपी रीत सांगितली: घडलं तर १ धरायचं, नाही घडलं तर ०, आणि तुझ्या टक्क्यांशी फरक काढायचा. तू ७० टक्के म्हणालीस आणि तसं घडलं, तर फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९. नाही घडलं, तर ०.७ चा वर्ग, ०.४९. आकडा जितका लहान तितकं बरं. सगळीकडं ५० टक्के लिहीत बसलीस तर कायम ०.२५ मिळतील, म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस. फिलिप टेटलॉक यांनी तज्ज्ञांची हजारो राजकीय भाकितं वर्षानुवर्षं अशीच तपासली. एकाच मोठ्या सिद्धांतावर ठाम बोलणारे आणि प्रसिद्ध असणारे त्यात मागं पडले. एक भाकीत माझ्या नावानं टाक: २०३५ च्या हंगामात राज्यातला निम्म्याहून जास्त ऊस यंत्रानं तुटेल, ५५ टक्के. तुझा आकडा शेजारी लिही, माझा बघून बदलू नकोस.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी मजूर जमवणाऱ्या दोन-तीन मुकादमांना भेट, आणि बाया एकट्या असतील तेव्हा त्यांच्याशीही बोल. यंत्र आलं तर काय कराल, असं विचारू नकोस. उत्तर तुला खूश करायला दिलं जाईल. गेल्या हंगामात उचल किती घेतली, फिटली किती, थोरल्या मुलीला कुणाजवळ ठेवून गेला होतात, एवढंच विचार. नवा मसुदा त्यानंतर पाठव.

तुझे,
सर