उन्हाळ्यात दोन लेकरं सांभाळताना

ताई, तान्हं सहा महिन्यांच्या आतलं असेल तर विदर्भातल्या मे महिन्यातही त्याला वरचं पाणी, ग्लुकोज, घुटी देऊ नकोस. आईच्या दुधात पाणी असतंच. फक्त जास्त वेळा पाज आणि स्वतः पाणी, ताक पीत राहा. दिवसभरात सहाएक लंगोट ओले झाले, लघवी फिकट असली की दूध पुरतंय समज.

खरी ओढाताण पाजायला बसल्यावर होते. मोठं लेकरू नेमकं तेव्हाच अंगावर येतं. म्हणून आधीच त्याला पाणी दे, शी-शू उरकून घे आणि एक टोपली समोर ठेव: डब्यांची झाकणं, मोठे चमचे, जुनी वही. एरवी ती फळीवरच असू दे, सतत हाताशी राहिली तर नवलाई जाते. फुटाणे, शेंगदाणे, तुरीचे दाणे मात्र अजिबात नको. घशात अडकतात, शिवाय मोठं ते कौतुकानं तान्ह्यालाही भरवतं.

कुलरात पाणी भरताना प्लग काढायचाच. झोत थेट तान्ह्यावर सोडू नको.

मोठं तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत घाल, पण बाळंतपणाच्याच आठवड्यात नको. आपल्याला घरातून हाकललं असं त्याला वाटतं.