नोव्हेंबरचा जन्म आणि पहिलीचा प्रवेश

तुमचा मुलगा नोव्हेंबर २०२० चा, सध्या मोठ्या गटात आहे, आणि येत्या जूनमध्ये त्याला पहिलीत घातले तर त्या वेळी तो जेमतेम साडेपाच वर्षांचा असेल. शाळा म्हणते की तो नियमात बसतो, आजी-आजोबांना वर्ष वाया जाईल अशी भीती वाटते आणि तुमचे मन मात्र घेत नाही, असा तुमच्या प्रश्नाचा सारांश आहे. पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मी बरीच वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगून टाकते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जन्मलेल्या मुलाला, घरची तशी काही निकड नसेल तर, एक वर्ष थांबवावे. मात्र ते वर्ष तो कुठे आणि कसा घालवणार हे ठरल्याशिवाय थांबवू नये.

प्रथम नियमाविषयी. राज्य शासनाच्या सप्टेंबर २०२० च्या निर्णयानुसार पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी हीच तारीख ३० सप्टेंबर होती, म्हणजे जुना नियम असता तर तुमचा प्रश्न उद्भवलाच नसता. केंद्रीय विद्यालये तर प्रवेशाच्या वर्षातील ३१ मार्चला सहा पूर्ण मागतात. त्यांच्या दृष्टीने तुमचा मुलगा २०२७ सालचा विद्यार्थी आहे. एकाच शहरात, एकाच मुलाला एक शाळा या वर्षी घ्यायला तयार आहे आणि दुसरी पुढच्या वर्षी ये म्हणते, यावरून एवढे लक्षात यावे की ३१ डिसेंबर ही केवळ किमान वयाची रेषा आहे. ‘पात्र आहे’ याचा अर्थ ‘आणलाच पाहिजे’ असा पालकांनी करून घेऊ नये. शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयीच बोलतो, त्यामुळे साडेसहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल कोणत्याही अर्थाने उशिरा गेलेले ठरत नाही.

आता वर्गात काय होते ते पाहू. जून २०२६ च्या पहिलीत जानेवारी-फेब्रुवारी २०२० ची मुले असतील आणि ज्यांच्या पालकांनी गेल्या वर्षी थांबायचे ठरवले अशी २०१९ च्या अखेरची मुलेही असतील. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाकावर त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठे मूल बसलेले असू शकते, आणि साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. बाई दोघांना एकाच मापाने मोजतात. मुद्दाम नव्हे, पण चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची जन्मतारीख कोणाच्या डोक्यात राहत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची तारीख आपल्यासारखीच ३१ डिसेंबर आहे. तेथील मुलांच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांवर अवधान-चंचलतेच्या विकाराचा (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) शिक्का बसण्याचे प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी, तर मुलींच्या बाबतीत सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळले. डिसेंबरच्या हवेत तर काही दोष नाही! वर्गात सर्वांत लहान असल्यामुळे जे वागणे वयाला धरून होते, तेच मोठ्यांच्या शेजारी ठेवल्यावर आजार वाटू लागले, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. हा फरक वरच्या इयत्तांत बराच कमी होत जातो, हेही तितकेच खरे आहे. परंतु ‘मला येत नाही’ ही समजूत पहिली-दुसरीत पक्की बसली, तर ती काढायला पुष्कळ कष्ट पडतात.

तुम्ही लिहिले आहे की त्याला मुळाक्षरे येतात, शंभरपर्यंत अंक येतात आणि तो दुकानांच्या पाट्या वाचतो. चांगलेच आहे, पण माझ्या हिशेबी निर्णयात याचे वजन कमी आहे, कारण वाचन शिकवायला पहिलीची बाई बसलेलीच असते. बालवर्गात आणि पहिलीत खरा फरक पडतो तो मावशींमुळे. बालवर्गात मावशी शू-शीला नेतात, डब्याचे झाकण उघडून देतात, सांडलेले पुसतात, नाक पुसतात. पहिलीत या सगळ्याला कोणी नसते. वर्तमानपत्राचे मथळे घडाघडा वाचणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मधल्या सुट्टीत तो घट्ट झाकणाचा डबा घेऊन नुसता बसून राहायचा, बाईंना सांगायचे कसे हे त्याला सुचत नसे, आणि घंटा झाली की भरलेला डबा परत दप्तरात जाई. घरी आईला वाटे की शाळेच्या नादात भूक मेली आहे.

म्हणून येत्या महिन्याभरात पुढच्या गोष्टी स्वतः पाहा, आणि त्याला कळू न देता पाहा. पँटचे बटण आणि चेन तो स्वतः लावतो का? ‘दप्तर कोपऱ्यात ठेव आणि वही घेऊन ये’ अशी दुहेरी सूचना एकदा ऐकून पाळतो का? आवडीची नसलेली गोष्ट पंधरा मिनिटे करू शकतो का? खेळात हरल्यावर किती वेळात सावरतो? पेन्सिल धरताना बोटे चालतात की सगळा हातच खांद्यापासून ओढला जातो, हेही बघा. ‘क’ची गाठ किंवा ‘ळ’ची दोन वेटोळी काढायला बोटांची जी पकड लागते, ती साडेपाचव्या वर्षी पुष्कळ मुलांत आलेली नसते, आणि अशा मुलाला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावले की अर्धे वाक्य होईपर्यंत फळा पुसला जातो. राज्य मंडळाच्या पहिलीला २०२५-२६ पासून नवा अभ्यासक्रम आहे आणि तीन ते आठ हा वयोगट एकसलग धरून खेळातून शिकवावे असे नवे शैक्षणिक धोरण म्हणते. तरी तुमच्या शाळेत त्यातले प्रत्यक्षात किती उतरले आहे, हे पहिलीच्या वह्या पाहिल्याशिवाय समजणार नाही. शाळेतून त्या मागून पाहा.

वेळेचाही विचार करा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले आहे, पण धायरीसारख्या उपनगरातून शहरात येणाऱ्या मुलाला रिक्षाकाका किती वाजता न्यायला येतात, यावरच त्याची झोप ठरते.

या गोष्टींपैकी बहुतेक त्याला सहज जमत असतील, त्याची मित्रमंडळी सगळी वर जाणार असतील आणि शाळा लहान, समजूतदार असेल, तर खुशाल पाठवा; तेथे माझा आग्रह नाही. थांबवायचे असेल, तर त्याच शाळेत त्याच बाईंकडे पुन्हा मोठ्या गटात बसवणे हा मला सर्वांत कमी पसंतीचा मार्ग वाटतो. तीच गाणी, तेच तक्ते, आणि जिन्यात भेटणारे जुने सोबती ‘तू नापास झालास का’ असे विचारणार. त्यापेक्षा घराजवळची दुसरी, खेळावर भर देणारी बालवाडी शोधा, आणि संध्याकाळी मैदान, माती, कात्री, कणीक, पोहणे असे हात-पाय चालवणारे काहीही द्या. सारसबागेजवळचे बालभवन हे मुलांच्या खेळांचे आणि छंदांचे केंद्र त्यासाठी पाहण्यासारखे आहे. लेखनाची शिकवणी मात्र लावू नका. मुळात हा निर्णय नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी घेणे सर्वांत सोपे असते, तेव्हा ज्यांची मुले आज अडीच-तीन वर्षांची आहेत त्यांनी आत्ताच मोजणी करावी.

आजोबांविषयी थोडेसे. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी सरसकट १ जून लावून टाकलेली असे, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही असे ते म्हणतील. बरोबर आहे, पण त्यावरून वयाचा काटा तेव्हाही सैलच होता इतकेच सिद्ध होते. पुढच्या परीक्षांची काळजी असेल तर सांगा की वैद्यकीय प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किमान सतरा पूर्ण लागतात, आणि तो दोन्ही मार्गांनी त्यात बसतो. सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला (एनडीए) मात्र साडेसोळा ते साडेएकोणीस अशी वयाची चौकट आहे. थांबल्यास तो बारावीनंतर त्यात बसेल, पण प्रयत्नांच्या संधी कमी होतील, हा खरा तोटा आहे आणि तो लपवू नये.

शेवटी शाळेशी बोलायचे ते लेखी बोला. थांबल्यास २०२७ च्या पहिलीत जागा राहील का, ती नव्या प्रवेशात धरली जाईल का आणि शुल्क पुन्हा भरावे लागेल का, ही तिन्ही उत्तरे अर्जावर सही-शिक्क्यासह घ्या. शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश घेणार असाल, तर तेथे वयाला कमाल मर्यादाही असते. त्या वर्षीच्या सूचनेतील तारखा वाचल्याशिवाय मुलाचे नाव सध्याच्या शाळेतून काढू नका.