बाबांच्या किडनीत ६ सेंटिमीटरची गाठ, डॉक्टर कॅन्सर म्हणतात. किती वर्षं काढतील?

बाबा ६२ वर्षांचे, गाठ डाव्या किडनीत, सीटीमध्ये बाकी कुठे पसरलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईची किडनी अशाच गाठीपायी काढली. आजही ती रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते. पण तिच्यावरून तुमच्या बाबांचा हिशेब मांडू नका.

सगळ्यात जास्त फरक स्टेजने पडतो. किडनीच्या आतच असलेली, ७ सेंटिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या स्टेजची. अमेरिकेतल्या आकडेवारीत किडनीपुरताच कॅन्सर असेल तर पाच वर्षांचं सर्व्हायव्हल, म्हणजे निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण, ९० टक्क्यांच्या वर आहे, फुप्फुसात-हाडांत गेला की २० च्या खाली. मात्र गाठ किडनीच्या मुख्य शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत घुसली असेल तर ती लहान असूनही तिसरी स्टेज धरतात, आणि हे कधी कधी ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्येच (काढलेली गाठ लॅबमध्ये तपासून देतात तो) कळतं.

आईचा तो रिपोर्ट नौपाड्यातल्या लॅबमधून घेतला आणि धीर न धरवून रिक्षातच उघडला. 'ग्रेड ३'. मला वाटलं, तिसरी स्टेज! भावाला फोन लावला तर तोंडातून शब्द फुटेना, रिक्षावाल्यानेच पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या दिवशी सर्जननी समजावलं: स्टेज म्हणजे कॅन्सर कुठवर पोचलाय, ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्यात, १ ते ४. आईची स्टेज पहिलीच होती. रात्रभर उगाच रडलो.

रिपोर्टमध्ये कॅन्सरचा प्रकारही बघा. क्लिअर सेल सर्वांत जास्त आढळतो, क्रोमोफोब सहसा सौम्य. 'सार्कोमॅटॉइड' (पेशी जास्त आक्रमक झालेल्या) किंवा 'नेक्रोसिस' (गाठीतला काही भाग मेलेला) लिहिलं असेल तर धोका वाढतो, ऑपरेशननंतरच्या इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणाऱ्या औषधांबद्दल, विचारा. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, प्लेटलेट यांवरून अंदाज बांधतात तो पसरलेल्या कॅन्सरमध्ये; तुम्ही आत्ता त्यात शिरू नका.

त्यापेक्षा ऑपरेशनआधी विचारा की पूर्ण किडनी न काढता फक्त गाठ काढता येईल का. ६ सेंटिमीटरलाही जागा सोयीची असेल तर जमतं. बाबांना बीपी-शुगर असेल तर उरलेली किडनी फार मोलाची. शंका वाटली तर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, दुसरं मत घ्या. सिगारेट ओढत असतील तर आजच बंद.

रिपोर्ट आला की इथे टाका, नाव आणि नंबर झाकून.